रविवारचं पेट्रोल

सँगर, २ सप्टेंबर

चि. आराक्सीस, अ. उ. आ.

फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि तू अर्धं खाऊन बोलतेस, म्हणून हा कागद. गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागलाय. तुझा भाऊ वाहान म्हणतो, इंजिन कामातून गेलं, पेट्रोलची वाफ साचून एक दिवस भडका उडेल, गाडी विकून टाका. विमा विकणाऱ्याला सगळीकडे भडकेच दिसतात.

गाडी चालते झकास. पण या महिन्यात धुराची तपासणी आहे. दिवा लागलेला असला की नापास, आणि नापास झाली की नोंदणी नाही. मग मी दिक्रानच्या दुकानात तावलीच्या सोंगट्या खेळायला कसा जाणार? तुझ्या आईच्या थडग्यावर कोण नेणार मला? या वयात वाहानच्या सवडीवर जगायचं माझ्या जिवावर येतं.

पाना धरायला तुला मीच शिकवलं. आता तपासणी केंद्रात बसतेस, तर सांग बापाला काय ते.

तुझा,
बाबा

---

सॅक्रामेंटो, ७ सप्टेंबर

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

भडकाबिडका काही नाही. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून गाडी ती कोळशाच्या डब्यात धरून ठेवते आणि नंतर इंजिनात जाळते. त्या वाटेवर कुठे फट पडली की दिवा लागतो. इंजिनाला काडीचाही धक्का नाही. आमच्याकडे निम्मी माणसं असाच चेहरा पाडून येतात, आणि बहुतेक वेळा टाकीचं झाकणच सैल असतं.

झाकणाची रबरी कडी चिरली आहे का बघा. कट-कट वाजेपर्यंत फिरवा. आणि पंपाचा नळ आपोआप बंद झाला की पुरे! वर ठासून भरायची तुमची खोड सोडा, कोळसा भिजतो. मग काही दिवस टाकी अर्धी ठेवून सकाळी थंड गाडी काढा, दिवा आपण होऊन विझेल. बॅटरीची तार मात्र उपटू नका. दिवा जातो, पण गाडी सगळं विसरते आणि तपासणीवाले परत पाठवतात.

वाहानला माझं नाव सांगा म्हणजे गप्प बसेल. लोभ धरालच, फक्त जेवणाची हेळसांड नको.

तुमची,
आराक्सी

---

सँगर, १८ सप्टेंबर

चि. आराक्सीस, अ. उ. आ.

झाकण सैलच होतं. घट्ट केलं, दिवा विझला, दिक्रानला पेढे द्यावेत तसा मसाल्यातल्या सुक्या मांसाचा बस्तुरमा खाऊ घातला. आणि परवा पुन्हा लागला मेला! नवं झाकण आणून बसवलंय.

वाहान म्हणतो, बघा, मी सांगत होतो. पोरगा तसा काळजी घेतो हो. दर रविवारी चर्चहून आलो की मला घरी बसवतो आणि स्वतः गाडी नेऊन पेट्रोल भरून आणतो. पण तपासणीची मुदत जवळ आलीय. नळी फाटली असेल, झडप अडकली असेल, तू येऊन नीट बघ. काहीतरी सापडेलच.

वाट बघतोय,
बाबा

---

सॅक्रामेंटो, २५ सप्टेंबर

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

शनिवारी तुमच्यादेखत मी नळ्यांत धूर सोडून पाहिला. कुठेही फट नाही, झाकण पक्कं. रविवारी वाहान पेट्रोल भरून आला. निघताना मी सहज हात लावला, तर झाकण सैल. ते घट्ट केलं आणि तुम्हाला काही न बोलता निघाले.

वाटेतून त्याला फोन केला. आधी अंगावर आला, मग कबूल झाला. म्हणाला, दर रविवारी मीच सैल करतो, दुसरं काय करू? कालव्याजवळ बाबांनी लाल सिग्नल तोडला, सायकलवरची बाई थोडक्यात वाचली, आणि तू लांब बसून झाकणं आवळायला शिकवतेस. मी त्याला नाही नाही ते बोलले. सख्ख्या बापाशी असली चोरी! गाडी ठणठणीत आहे, बाबा. तपासणी करून घ्या आणि खुशाल चालवा.

रागात लिहिलंय, सांभाळून घ्या.

तुमची,
आराक्सी

---

सँगर, ३० सप्टेंबर

चि. आराक्सीस, अ. उ. आ.

गाडी पास झाली.

झाकणाचं मला पहिल्याच वेळी कळलं होतं. जन्म गॅरेजात गेला माझा, झाकण आपण होऊन सैल झालं की कुणी केलं हे हाताला कळतं. तरी तुला लिहीत राहिलो. वाटलं, तू कुठेतरी फट शोधून काढशील, आणि मग पोरावर मी घेतलेला संशय खोटा ठरेल.

कालव्याचं तो खरं बोलतो. सिग्नल मला दिसलाच नव्हता. ती बाई ओरडली तेही ऐकू आलं नाही, नुसतं तिचं उघडं तोंड दिसलं. म्हणून तपासणीहून आलो तो तसाच वाहानच्या दारात गेलो आणि किल्ल्या दिल्या. आता तोच मला थडग्यावर नेतो, दार उघडून धरतो, आणि आम्ही दोघं हवापाण्याचं बोलतो.

एकदा समोर बसून, बाबा, आता पुरे, असं म्हणाला असता, तर त्याच दिवशी दिल्या असत्या किल्ल्या. नाही, खोटं कशाला बोलू, दिल्या नसत्या. शिव्या घालून हाकलला असता त्याला. हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच माझा राग जात नाही.

भावाशी बोल तू. आईमागे दोघंच आहात.

आशीर्वाद आहेतच,
बाबा