झाकणाच्या आतलं नाव

६ नोव्हेंबर

पेटीच ठरलेली नाही अजून!

सकाळी निशिदेबाईंचा फोन. परवा ह्यांना जाऊन एकोणपन्नासावा दिवस झाला, सुतक संपलं. "कालच करणार होते, पण बरं दिसलं नसतं," म्हणाल्या. आज बरं दिसतं वाटतं. जानेवारीत त्यांच्या घरी नव्या वर्षाची पहिली चहाची बैठक. त्यात ह्यांच्या हातची लाखेची चहापुडीची डबी मांडायची आहे. दोन वर्षांपूर्वी सांगून ठेवलेली.

डबी तयार आहे. ऑगस्टपासून कपाटात आहे. पण पेटीशिवाय देणार कशी? "पाहुणे आधी पेटीचं झाकण उलटून बघतात हो, मग डबी," बाई म्हणाल्या. मला काय शिकवतात? झाकणावर वरच्या अंगाला डबीचं नाव, आतल्या अंगाला करणाऱ्याचं. करणाऱ्याने स्वतः लिहिलेलं. ते नसलं की अर्धी किंमत गेली.

लिहिणारे गेले. आता?

पेट्यांचं सगळं हेच बघायचे— लाकूड, फीत, फडकं, अक्षर. मी कधी त्यात पडले नाही.

दुपारी जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

९ नोव्हेंबर

हाशिझुमे भाऊजींच्या दुकानात गेले. ह्यांच्या पेट्या चाळीस वर्षं तेच करतात. डबी पुढे ठेवली. हळदीत रंगवलेल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी मोजली. फडक्यासकट मोजायची, वर एका बोटाची मोकळीक. मग किरीच्या हलक्या लाकडाच्या फळ्या काढून मांडल्या. हिच्या रेषा सरळ, हिच्या जरा नागमोडी. झाकण आत बसणारं की वरून उतरणारं? खिळे लाकडीच, ते विचारलं नाही. फीत जांभळी-पांढरी की चहाच्या रंगाची?

"कुठलीही," म्हणाले मी.

"वहिनी, चाळीस वर्षांत ह्या दुकानात 'कुठलीही' असं कुणी म्हटलं नव्हतं. तोआन असता तर दोन तास भांडला असता माझ्याशी."

तोआन म्हणजे हे. कामावरचं नाव. घरात मी कधी घेतलं नाही.

"तुम्हीच ठरवा, भाऊजी."

"बरं. सरळ रेषांची. फीत चहाच्या रंगाची. आणि आत काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा. निदान मधोमध लिहा! तुमचा नवरा अलीकडे नाव एका कडेला ढकलायला लागला होता. मी ओरडायचो, बाबा रे, माझ्या झाकणाचा तोल बिघडवतोस. नुसता हसायचा."

मीही हसले बहुतेक. दुकानात लाकडाचा वास छान येतो. म्हणजे येत असणार. मला काही आला नाही.

१० नोव्हेंबर

काही नाही. पाऊस आणि गारा. चहाच्या भाजलेल्या देठांचा चहा केला तर दोन पेल्यांचा केला. एक ओतून दिला.

१४ नोव्हेंबर

सायोरीचा नागोयाहून फोन. "आई, पेटीचं एवढं काय घेऊन बसलीस? मोबाईलवर माप टाक, तयार मिळते. दोन दिवसांत घरी."

"आणि आत नाव कोण लिहिणार, तो मोबाईल?"

"तू लिही ना! करणारा गेल्यावर बायकोने लिहिलेलं चालतं म्हणतात. 'हे माझ्या दिवंगत नवऱ्याचं काम, मी साक्ष' असं. मग प्रश्न काय आहे?"

प्रश्न काय आहे ते मी पोटच्या पोरीलाही कधी सांगितलेलं नाही. इथे लिहिते. इथे कोण वाचणार!

आठ वर्षांपूर्वी ह्यांचे हात थरथरायला लागले. तेव्हापासून सगळ्या डब्या मी केल्या आहेत. सगळ्या. चित्र सुचायचं ह्यांना— बोलून सांगायचे, हवेत बोट फिरवायचे. पण लाखेची रेघ माझी. ओल्या रेघेवर बांबूच्या नळीतून सोन्याची पूड पाडायची तीही मी. कोळशाने घासायचं मी, बोटाने चकाकी आणायची मी. त्याआधीची बावीस वर्षं मी नुसती पूड चाळून द्यायची. मग एका हिवाळ्यात त्यांनी कुंचला माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेले. दोघांनीही त्यावर पुढे एक शब्द काढला नाही.

सकाळच्या गोळीनंतर अर्धा तास त्यांचा हात शांत असायचा. त्या अर्ध्या तासात ते पेट्यांची झाकणं लिहायचे. इतकं ठाम अक्षर बघून कुणाला शंका येणार?

चार वर्षांपूर्वी, लाटांची डबी चालू होती तेव्हा, मी एकदाच विचारलं होतं. "आत कुठेतरी माझंही नाव घालाल? बारीक चालेल."  ह्यांनी पेला उचलला. "चहा गार झालाय," म्हणाले.

मी गरम करून आणला.

१९ नोव्हेंबर

निशिदेबाई डबी बघायला आल्या. सत्त्याहत्तराव्या वर्षी पाठ अशी ताठ की आपणच सावरून बसावं. त्यांच्याकडे आधीच्या तीन डब्या आहेत— गवताची, चंद्राची, लाटांची. तिन्ही माझ्या. त्यांच्या लेखी ह्यांच्या.

ही चौथी. काळ्या लाखेवर बागेतला पाइन. बर्फाच्या भाराने फांद्या मोडू नयेत म्हणून त्याला वरून बांधलेल्या दोऱ्या. आत्ता बाहेर माळी बांधताहेत तशाच. डबीच्या झाकणावरच्या मधल्या ठिपक्यातून चाळीस दोऱ्या सुटतात आणि डबीच्या अंगावरून खाली उतरतात. केसाएवढ्या. एकीचीही वाट चुकलेली नाही.

बाईंनी फडकं उलगडलं. डबी हातात फिरवून बघितली. मग, "आजारी माणसाचा हात हा! कुणाला खरं वाटेल?"

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मला भरून आलं. मला काहीच आलं नव्हतं.

"तुम्ही साक्ष लिहा," म्हणाल्या. "आणि 'शेवटचं काम' हे शब्द हवेत. दिवंगत तोआन यांचं शेवटचं काम."

बरं म्हणाले. नाही म्हणायला अंगात जीव लागतो.

२७ नोव्हेंबर

कोरी पेटी आली. आज लिहायला बसले. कागदावर वीसदा लिहून बघितलं: दिवंगत तोआन यांचं शेवटचं काम, साक्ष हिसानो. मग झाकण घेतलं, श्वास धरला, लिहिलं.

शाई पसरली! लाकडाच्या रेषारेषांतून चहूकडे धावली. माझ्या डोळ्यांदेखत सगळी अक्षरं फुगली, त्यांना मिशा फुटल्या. नावंसुद्धा वाचता येईनात— ना त्यांचं, ना माझं.

मग आठवलं. लिहिण्याआधी हे दगडाची पांढरी पूड झाकणावर चोळायचे. रोज बघायचे मी. शेजारी बसून सोनं पाडणारी मी, आणि पूड चोळायला विसरले! लाखेच्या घरात तीस वर्षं काढलेल्या बाईने करावी अशी चूक आहे का ही?

वाईट वाटायला हवं होतं. उलट हलकं वाटलं. लिहिलेलं खोटं वाचता येत नव्हतं म्हणून असेल.

२८ नोव्हेंबर

झाकण घेऊन भाऊजींकडे. त्यांनी बघितलं, कपाळावर हात मारला. "अहो वहिनी! पूड?"

"विसरले."

"रंध्याने काढू. किरीचं हेच बरं, एक पातळ साल काढली की पुन्हा कोरं." रंधा उचलला आणि तसाच ठेवला. आत गेले. परत आले ते कागदात बांधलेलं गाठोडं घेऊन.

"हे द्यायचं होतं. केव्हा द्यावं कळेना."

चार झाकणं. ह्याच मापाची. वरचं अंग कोरं. आतल्या अंगावर ह्यांचं नाव. शिक्क्यासकट.

"मार्चमध्ये घेऊन आला होता. रोज सकाळी एक लिहिलं म्हणाला. 'मी गेल्यावर तिला दे. माझ्या नावाशिवाय तिच्याकडून कोण घेणार? चार डब्यांची सोय आहे,' म्हणाला." भाऊजी खाली बघत होते. "वहिनी, मी काही विचारलं नाही हं. पेटी करणाऱ्याने पेटीत कुणाचं काम आहे ते विचारू नये."

म्हणजे भाऊजींना माहीत. किती वर्षं माहीत, कोण जाणे.

"बघा, इथेही कडेलाच," भाऊजी म्हणाले. "एकदम उजवीकडे. आजारात अंदाज सुटतो माणसाचा."

माझं झाकण त्यांनी रंधून दिलं. मी ते आणि गाठोडं घेतलं. आभार मानले. वाटेत तोफू घेतला.

३० नोव्हेंबर

चारही झाकणं ह्यांच्या फोटोपुढे मांडून ठेवली आहेत. फोटो नेहमीसारखाच.

४ डिसेंबर

त्यातलं एक पेटीवर घालून बघितलं. चपखल बसलं. वर 'पाइनच्या दोऱ्या' एवढंच लिहायचं आणि देऊन टाकायची. बाई खूश. ह्यांचं नाव राहतं. मलाही काही खोटं लिहायला नको, त्यांनीच लिहून ठेवलंय सगळं.

चार डब्या हे करणार. मेल्यावर चार डब्या! मग पाचवी कोण करेल?

माझी सोय बघितली म्हणे. राग यायला पाहिजे मला. शोधला— सापडला नाही. पाय सुन्न झाल्यावर चिमटा काढून बघतो तसं झालंय. फक्त एवढं कळतंय की ते झाकण घालून पेटी फितीने बांधली, की आत मीच बंद होईन. आणि मग कुणी उलटून बघणार नाही.

फीत बांधायला घेतली होती. सोडली.

८ डिसेंबर

सकाळी सकाळी ढग गडगडले, आमच्याकडे बर्फाआधी गडगडतात तसे. थंडी बसली आता.

भाऊजींनी रंधून दिलेलं माझं झाकण घेतलं. पूड चोळली, फडक्याने पुसली, परत चोळली. वर लिहिलं: पाइनच्या दोऱ्या. आत लिहिलं: मुरोई हिसानो. शिक्का नाही माझ्याकडे. अंगठा काय उमटवायचा? तसंच ठेवलं.

धैर्य वगैरे काही नाही. दुसरं काही लिहायला हात उचलला गेला नाही, एवढंच.

अक्षर बरं आलं आहे.

१० डिसेंबर

पेटी पोचवली. निशिदेबाईंनी फीत सोडली, झाकण उचललं, उलटलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे काय आहे?"

"मी केली आहे," म्हणाले. "दोऱ्या मी ओढल्या आहेत. आठ वर्षं सगळं मीच करते."

"माझ्याकडच्या तिन्ही?"

"तिन्ही."

बाईंनी झाकण पुन्हा सुलटं केलं.  

"म्हणजे आठ वर्षं मी पाहुण्यांना खोटं सांगत आले."

"हो."

त्यांनी झाकण घातलं. फीत बांधली. गाठ अगदी नीट. "डबी राहू दे इथे. कळवते." चहा विचारला नाही. त्या घरात चहा न पिता मी पहिल्यांदाच बाहेर पडले.

घरी आल्यावर ह्यांच्या फोटोला म्हणाले, घालवलं तुमचं नाव. मग भात लावला.

१५ डिसेंबर

निशिदेबाईंकडून काही नाही. सायोरीला सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "आई, गवताचीसुद्धा तू? ती तर मला बाबांची म्हणून आवडायची." मग म्हणाली, "अजूनही आवडते गं." मग घाईने ठेवला.

१८ डिसेंबर

काही नाही. बर्फ.

२० डिसेंबर

निशिदेबाईंकडून खोकं आलं. वाटलं, डबी परत केली. उघडलं— तीन पेट्या. गवताची, चंद्राची, लाटांची. रिकाम्या. चिठ्ठी: "तिन्ही झाकणांवरचं नाव रंधून काढा आणि जिचं काम तिचं नाव घाला. माझ्या घरात खोटी पेटी चालणार नाही. बैठकीला दोऱ्यांची डबी पहिली मांडणार आहे. तुम्ही पाहुण्यांत बसायचं."

झाकणं उलटली. गवत— ह्यांचं नाव मधोमध. चंद्र— मधोमध. लाटा— उजव्या कडेला.

लाटांच्या वेळी मी विचारलं होतं.

ती चार झाकणं आणली, पट्टी घेतली. पाचही ठिकाणी कडेपासून अंतर तेवढंच. सुतभर फरक नाही. म्हणे अंदाज सुटला होता! डावीकडे दरवेळी एका नावाची जागा.

बोलायला काय झालं होतं ह्यांना? चहा गार झालाय म्हणे!

रडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा, हुंदके देऊन. तोंड धुतलं. भाऊजींना फोन केला, रंधा नको म्हणून.

लाटांच्या झाकणावर डावीकडे पूड चोळून झाली. शाई उगाळायला बसते.