सासूबाईंची कॉफी

कुंभकोणम. शुक्रवार, एकादशी. दिवेलागण झाल्यावर.

आज एकादशी असून मी दोन इडल्या खाल्ल्या. लग्न होऊन आल्यापासून हे पहिल्यांदाच. विठोबा रागावला असेल का?

मागच्या द्वादशीला तुपाने थबथबलेल्या पोंगलाने उपास सोडला आणि उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की तिथेच बसले. पित्ताशयात खडे निघाले. शेजारणीने केळीच्या गाभ्याचा रस सांगितला. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याने हे खडे जात नाहीत, ऑपरेशनच हवं. तोवर तूप-तेल कमी, आणि उपाशी राहणं बंद.

तरी सकाळी घास उचलवेना. तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "अगे, पित्ताशय तुला आहे, विठोबाला नाही. खा मुकाट्याने. तुझा उपास मी धरते."

मी हसले. एका पोटात दोन उपास कसे मावणार?

मग पाहते तर त्यांची कॉफी तशीच गार झालेली. एकादशीला त्या पाणी सोडतील, पण कॉफी नाही. फिल्टरमधून थेंबथेंब उतरलेलं एवढं डिकाक्शन वाया गेलं म्हणून मी कुरकुरलेसुद्धा. ह्यांनीच हळूच सांगितलं, "आईच्या उपासाला कॉफी चालते. पण आजचा तुझ्या वाटचाही आहे ना, म्हणून कॉफी नाही."

आता जप करत बसल्यात. डोकं दुखतंय, पण कबूल करतील तर शपथ.

ऑपरेशनची भीती आहेच. तरी उद्या डॉक्टरबाईंना होकार कळवते. त्याआधी पहाटे सासूबाईंची कॉफी. रोजच्यासारखी त्याच पुडीवर ओतलेल्या दुसऱ्या पाण्याची नाही, पहिल्या घट्ट डिकाक्शनची.