पंचविसावा

१२ डिसेंबर
चोवीस! आमच्या संस्थेचा नियम आहे — वर्षभरात लढाईत पंचवीस माणसं मेली, तरच सीमेवरच्या तंट्याला 'सशस्त्र संघर्ष' म्हणायचं. तोवर नुसत्या 'चकमकी'. चकमकींसाठी कुणी वेगळा विभाग उघडत नाही. विभाग नाही तर मीही नाही. माझा करार एकतीसला संपतो.
"अगं, एकच कमी पडतोय," साहेब म्हणाले. एका सवारीसाठी खोळंबलेल्या जीपवाल्यासारखे.

१५ डिसेंबर
सीमेजवळच्या इस्पितळात एक जखमी आहे. पोटात गोळी. बेशुद्ध. फोन लावला. नर्सबाई करवादल्या, "तुम्ही त्याच्या कोण?"
संशोधक म्हटलं असतं तर फोन आपटला असता. म्हटलं — बहीण.
दिवसभर बाबा आठवत होते. दहा वर्षांची होईपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. गच्चीवरची कबुतरं मोजायला लावायचे. "असतील वीसेक" म्हटलं की पुन्हा वर पिटाळायचे. पडताळल्याशिवाय लिहायचं नाही!
पण मी नुसतं बोलले. लिहिलं कुठे?

१९ डिसेंबर
रोज दहाला फोन करते. "आहे अजून," त्या म्हणतात. मी साहेबांकडे बघून मान हलवते.
"चिवट आहे हं तुझा भाऊ!" सगळं ऑफिस हसलं. मीही.

२३ डिसेंबर
त्याला ताप चढलाय. "देवाला हात जोडा, ताई."
जोडले. काय मागितलं ते इथेही लिहवत नाही.

२४ डिसेंबर
ताप उतरला. चिडले मी! खरंच चिडले.

३० डिसेंबर
डॉक्टरांनी आशा सोडली. नर्सबाईंचा आवाज रडवेला. आणि अहवाल आजच छापायला जायचा.
साहेब खुर्ची ओढून जवळ बसले. "आज काय नि उद्या काय! जाणारच आहे तो. लिहून टाक, म्हणजे तूही कायम झालीस."
"पण सर, पडताळणी—"
"बहीण ना तू? तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?"
लिहिलं. पुरुष, वय अंदाजे तीस — अंदाजे! पडताळणी: नातेवाइकाकडून.
साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. मी दोन कप प्यायले.

२ जानेवारी
कायम झाले. बाबांना फोन केला. "आकडे नीट तपासतेस ना गं?"
"हो बाबा."
इस्पितळात आता फोन करत नाही. कशाला करायचा?

२० जानेवारी
अहवालाचं कौतुक होतंय. साहेब बैठकीत म्हणाले, "हिच्या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवा."

२७ जानेवारी
नर्सबाईंचाच फोन. "ताई, उठून बसला! चालतोसुद्धा! 'मला बहीणच नाही' म्हणतो, वेडा! मी म्हटलं, अरे, रोज फोन करायची ती. आता त्याला घर उरलेलं नाही. पत्ता सांगा, उद्याच्या गाडीत बसवून देते."
सांगितला.