केळफुलांना तेल

११ ऑक्टोबर, शनिवार
तेल मुरलं नाही, म्हणून लिहायला बसले. अजून कुणाला सांगितलेलं नाही.

तिवंध्याच्या बोळातलं वैशालीचं घर. जुनी घरं दाखवायची माझी रविवारची फेरी तिथेच संपते. ओसरीच्या तुळईवरून लोंबणारी चार कोरीव सागवानी केळफुलं बघून लोक माना वर करून उभे राहतात. दिवाळीआधी त्यांना जवसाचं तेल द्यायचं, हा माझा नेम. गेली दोन वर्षं वै. म्हणायची, "काकू, बाटली ठेवून जा. मी लावते. तुमचे गुडघे सांभाळा." आज ती बाजारात गेलेली. सासऱ्यांनी दार उघडलं. मीच स्टुलावर चढले.

तेल ओघळलं. थेट माझ्या बाहीत. पुसून पुन्हा लावलं, पुन्हा ओघळ. टिचकी मारली तर रिकामा डबा वाजावा तसा आवाज.

फायबर! शेजारचंही. तिसरंही. चौथ्याला हात लावायचं धाडस झालं नाही. बाटली तिथेच राहिली. घरी कशी आले, आठवत नाही.

१२ ऑक्टो., रविवार
फेरी नेहमीसारखी. ओसरीत नेहमीसारखंच सांगितलं, "लाकडाला हात लावायचा नाही. घामाने खराब होतं." गंगापूर रोडचे एक गृहस्थ, "मॅडम, नुसतं एक बोट?"

"नाही!" केवढ्याने ओरडले. त्यांनी हात मागे घेतला.

वै. चहाचा ट्रे घेऊन उभी. माझ्याकडे बघेना. कोनाड्यात माझी बाटली. म्हणजे तिला कळलंय.

दोन वर्षं फायबर दाखवलं लोकांना. वर दम देऊन.

१३ ऑक्टो.
वै.ला सरळ विचारलं. "कधी विकलीस?"

"मागची भिंत फुगली तेव्हा. परसाकडची. तुम्ही तिकडे कुणाला नेत नाही ना, म्हणून दिसली नसेल."

खरं आहे. मी तिकडे कधी गेलेच नाही.

"नकला ह्यांनी केल्या. सातपूरला कंपनीत फायबरचंच काम आहे त्यांचं. रंग मी दिला."

"मला विचारायचं होतंस."

"तुम्ही विकू दिली असती? त्या भिंतीला टेकून मामंजींची खाट आहे, काकू. भिंत आली असती अंगावर, तर केळफुलांनी धरली असती का?" मग हसली. हसली! "आणि हात लावायचा नाही, हे तुमचंच. म्हणून तर आमची हिंमत झाली."

मी चपला घातल्या आणि निघाले.

१४ ऑक्टो.
परवा वै.च्या घराची सरकारी पाहणी. घराला धोकादायक म्हणून पाडायची नोटीस आहे. जतनाच्या यादीत आलं तर वाचेल, दुरुस्तीही होईल. अर्ज मी लिहिलाय. मुख्य मुद्दा काय, तर केळफुलं. फोटो यंदाचे, म्हणजे तेही फायबरचे. खाली माझी सही.

खरं सांगितलं तर घर जाईल. गप्प बसले तर...

दुपारी परसात जाऊन भिंत पाहिली. वीट, चुना, ओळंब्यात सरळ. केळफुलांच्या पैशातलं. चांगलं काम. आजही घर उभं आहे ते या भिंतीवर. अर्जात तिचा एक शब्द नाही.

१५ ऑक्टो.
संध्याकाळी वै. आणि राजेंद्र, तिचा नवरा, रिक्षाने आले. जुन्या साडीत काहीतरी गुंडाळलेलं.

"चौथं विकलं नव्हतं," राजेंद्र म्हणाला. "देवघरासमोरचं. मन होईना. ह्याच्यावरूनच साचा घेतला होता. आज उतरवलं."

वै. म्हणाली, "घर राहिलं तर परत टांगू. नाही राहिलं तर तुमच्याकडे असू दे. उद्या काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, काकू. आम्ही खाली मान घालून उभे राहू."

"खाली कशाला? भिंत काय मी बांधली?" बोलले ती रागातच. राजेंद्रने डोळे पुसले. मग मी चहा टाकला, दुसरं काय करणार.

ताब्यात घेतलं: सागवानी केळफूल, एक. खालची पाकळी तुटलेली, मोड जुनी. तेलाची बाटली, माझीच, अर्धी. देणार वैशाली आणि राजेंद्र. घेणार मी.

अर्जाची प्रत टेबलावर उघडी आहे. पेनही. अजून एक अक्षर बदललेलं नाही.

केळफुलाला तेलाचा एक हात दिला. मुरतंय.