अठरा फुटांची सतरंजी

१ जानेवारी, सोमवार. सकाळ.

बाहेर उणे चौदा. कॉफी झाली. नव्या वर्षाचा संकल्प एकच, पण पक्का: लेनाच्या मागावर अठरा फुटांची चिंध्यांची सतरंजी विणायची. बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत. मुदत १३ एप्रिल, म्हणजे लेनाचा वाढदिवस.

लेना, माझी बायको, ऑक्टोबरपासून डुलुथ शहरात आहे, नोकरीसाठी. नोकरी कायमची आहे असं ती म्हणते. पण कायमची नोकरी हल्ली असते कुठे. जाताना मागावर ताणा चढवलेला तसाच ठेवून गेली. निळे-पांढरे सुती धागे, सत्तावीस इंच रुंद, अठरा फुटांना पुरतील इतके लांब. जिला परत यायचं नसतं ती बाई ताणा चढवून जाईल का? हा प्रश्न मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला. उत्तर आलं, नाही.

चिंध्याही आहेत. एक खोकं, त्यावर तिच्या अक्षरात ‘चिंध्यांसाठी’, आत तिचे जुने कपडे. सगळी तयारी तिनेच करून ठेवली आहे. मी फक्त विणायचं.

तिच्या माहेरची एक रीत आहे. माग ज्याचा, नव्या सतरंजीवर पहिलं पाऊल त्याचं. तोवर घरात कोणी तिच्यावर पाय ठेवत नाही. माग लेनाच्या आजीचा, आजोबांनी खाणीतल्या लाकडाचा केलेला. आजीनंतर तो लेनाकडे आला. तेव्हा १३ एप्रिलला पहिलं पाऊल कोणाचं हे ठरलेलंच आहे.

६ जानेवारी, शनिवार.

खोकं उघडलं. निळा स्वेटर लोकरीचा. लोकर आणि सूत धुतल्यावर वेगवेगळं आटतं. बाजूला. फुलांचा फ्रॉक निसरड्या कापडाचा. बाजूला. हिरव्या शर्टाच्या कोपराला ठिगळ, पट्टी एकसारखी निघणार नाही. बाजूला. खोकं पुन्हा भरलं.

घाई नको. कुठल्याही कामात आधी नमुना करून पाहावा. नमुन्यासाठी माझा एक शर्ट कापला, दीड-दीड इंचाच्या पट्ट्या. माझ्याकडे चांगले अकरा शर्ट आहेत, एकाने काही अडत नाही.

सायमा दारात उभी राहून बघत होती. आमची मुलगी, वय सतरा. म्हणाली, बाबा, तो तुझा ऑफिसचा शर्ट होता. मी म्हटलं, नमुना आहे. म्हणाली, मग खोक्यातले काय पूजेला ठेवलेत?

१४ जानेवारी, रविवार.

शुभारंभ. सासऱ्यांच्या अकॉर्डियनच्या रेकॉर्डींतली आमची आवडती लावली. वॉल्ट्झ, तीन मात्रांची. लेना नेहमी त्यावरच विणायची. एकला धोटा, दोनला फणी, तीनला पुन्हा फणी. पोल्काची जलद चाल लावली की हात पळतो आणि वीण बिघडते, असं ती म्हणायची.

अडचण एकच. चौथ्या गाण्यात रेकॉर्ड अडकते, तोच सूर पुन्हा पुन्हा. लेना मागावरून न उठता शेजारच्या कपाटाला टाच मारायची, की सुई पुढे जायची. माझी टाच पोचत नाही. टेपने मोजलं: चार इंच कमी. म्हणजे दर वेळी उठायचं, कपाट ठोकायचं, पुन्हा बसायचं, पायांनी मागाच्या पावड्या शोधायच्या. तेवढ्यात ताल जातो.

लांबी: पाच इंच. रुंदी: साडेसव्वीस. अर्धा इंच कमी भरतो. थंडीत लाकूड आखडतं.

२७ जानेवारी, शनिवार.

लेनाचा फोन. सायमाशी बावीस मिनिटं, माझ्याशी दोन. आधी मागाची चौकशी केली. कोरडा पडलाय का? खांबांचे बोल्ट अजून फिरतात का? माझी चौकशी नाही, हवापाण्याची नाही, थेट माग. ज्यात जीव अडकलेला असतो तेच माणूस आधी विचारतं.

फोननंतर खुर्चीत बसून मला काही वाटतंय का ते तपासलं. मी जिल्ह्याच्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये आहे. काही सापडलं नाही की आम्ही लिहितो: आढळले नाही. लोक फोन करून विचारतात, म्हणजे पाण्यात शिसं नाहीच ना? मी दर वेळी सांगतो, तसं नाही, आमच्या यंत्राला दिसेल इतकं नाही.

बोल्टांना तेल घातलं. छान फिरतात.

११ फेब्रुवारी, रविवार. दुपार.

हिल्मा मावशी आली. लेनाची मावशी, वय एक्क्याऐंशी, दोन घरं सोडून राहते, आयुष्यभर माग चालवला. बूट काढता काढताच म्हणाली, काय जावईबुवा, ऐकलं की तुम्ही आता बायकांच्या पोटावर पाय देणार!

मागाजवळ गेली, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाली, ही सतरंजी आहे का कंबर? मी थंडीचं कारण सांगितलं. म्हणाली, थंडी माझ्याही घरात आहे, माझे काठ सरळ आहेत. मग धोटा हातात घेऊन दाखवलं. पट्टी टाकल्यावर कमानीसारखी सैल सोडायची, मग फणी मारायची. ताणून धरली की काठ आत येणारच. म्हणाली, तू कसा धरतोस बघ, जसं कोणी हिसकावून नेणार आहे.

मतं वेगवेगळी असू शकतात. सैल सोडलं की बांधणी ढिली राहते, हे उघड आहे. पण वयाचा मान राखून ती असेपर्यंत सैल सोडलं.

रुंदी: पंचवीस. चौथा शर्ट. नमुना अजून चालू आहे.

२४ फेब्रुवारी, शनिवार.

काठाचे दोन धागे तुटले. गाठी मारल्या. सहा इंच उसवून पुन्हा विणलं, रुंदी आणखी कमी झाली. कारणं तपासतो आहे.

संध्याकाळी साउना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, तापवली. पूर्वी आम्ही तिघं जायचो. आता आधी सायमा, मग मी. लाकूड तेवढंच जळतं.

खोकं पुन्हा उघडलं. फुलांचा फ्रॉक कात्रीखाली धरलाही. मग आठवलं की विणकामाच्या कात्रीला धार नाही. धार नसलेल्या कात्रीने असं कापड खराब होतं. माझा तपकिरी शर्ट कापला, त्याला ती कात्री चालली.

१० मार्च, रविवार.

आज घड्याळं एक तास पुढे. म्हणजे कामाचा एक तास बुडाला. पुढच्या हिशेबात हे धरलं पाहिजे.

कार्लचा फोन. लेनाचा भाऊ, पिकअप ट्रक चालवतो, सहसा फोन करत नाही. म्हणाला, भावोजी, त्या मागाची मापं पाठवाल का? सुटा केल्यावर सगळ्यात लांब दांडा किती भरतो? दार किती रुंद? मी विचारलं, कशाला? खाकरला. म्हणाला, लेनाला पाहिजेत.

मागाबद्दल इतकी आस्था पाहून बरं वाटलं. म्हणजे बरं वाटायला हवं होतं, तशी नोंद करतो. दुपारभर बसून सगळी मापं काढली, इंचाच्या आठव्या भागापर्यंत. प्रत्येक भागाला नंबर दिला, कोणता आधी सुटतो तेही लिहिलं. अर्धवट माहिती देणं मला जमत नाही.

विणायला वेळ मिळाला नाही.

२३ मार्च, शनिवार.

सायमाने जेवताना काटा खाली ठेवला. म्हणाली, बाबा, नीट ऐक. आई माग न्यायला येतेय. मी म्हटलं, बघायला. म्हणाली, न्यायला. वाढदिवसाला, कार्ल मामाचा ट्रक घेऊन. मी तिला समजावलं की एप्रिलमध्ये रस्त्यांना खड्डे पडलेले असतात, त्यामुळे ट्रक आणणंच शहाणपणाचं. मग म्हणाली, तुला कळतंय ना पण? मी म्हटलं, काय कळायला हवं ते तू स्पष्ट सांग. म्हणाली, आत्ता मी काय केलं मग?

उठताना माझ्या मांडीवरचा रेघारेघांचा शर्ट ओढून घेतला. हा नाही कापायचा. सोमवारी काय घालणार, पडदा?

पडदा सुती आहे. लक्षात ठेवलं पाहिजे.

मी स्वतःला फसवतो आहे का, यावर दहा मिनिटं विचार केला. निष्कर्ष असा की फसवत असतो, तर हा प्रश्न पडला नसता.

लांबी: बावीस इंच. रुंदी: एकवीस.

६ एप्रिल, शनिवार.

एक आठवडा उरला. साडेपंधरा फूट बाकी.

योजनेचा फेरविचार केला. अठरा फूट हा आकडा मुळात आला कुठून? ताण्याच्या लांबीवरून. पण घर ताण्यासाठी नसतं. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत चालणाऱ्या माणसाला सतरंजी सगळीकडे लागत नाही. जिथे पहिलं पाऊल पडतं तिथे लागते. तेवढी होईल.

हिल्मा मावशी खिडकीतून डोकावली. म्हणाली, अजून घे ताणून, उरला असेल एखादा इंच! तिला कॉफी दिली. उसवायला मदत करू का, असं तिने जरा हळू आवाजात विचारलं. मी नको म्हटलं.

नववा आणि दहावा शर्ट कापला. उरला तो रेघारेघांचा, सायमाने तिच्या कपाटात ठेवलेला.

१२ एप्रिल, शुक्रवार.

लादी पुसली. मागावरची धूळ पुसली. रेघारेघांचा शर्ट मागून घेतला आणि इस्त्री केली. वेलदोड्याचा पाव भाजला, लेनाला आवडतो. खालून करपला.

रेकॉर्ड काढून वर ठेवली. उद्या ती येईल तेव्हा तिसरं गाणं चालू असेल असा वेळ जुळवला आहे.

काही वाटतं का: आढळले नाही.

१३ एप्रिल, शनिवार.

११.४० ला ट्रक. मी अकराला धरलं होतं, त्यामुळे रेकॉर्ड तीनदा पहिल्यापासून लावावी लागली.

लेनाने केस कापले आहेत. बरी दिसते. सायमाला मिठी मारली, मग मला, थोडी कमी वेळ. मागोमाग कार्ल, एका हातात पान्ह्यांची पेटी, दुसऱ्या हातात माझा मापांचा कागद. म्हणाला, भावोजी, काय कागद केलाय! डोळे मिटून माग सुटा होईल.

लेना मागाजवळ उभी राहिली. विणलेल्या भागावरून हात फिरवला. म्हणाली, काठ आत आलेत रे. मी म्हटलं, थंडीने. म्हणाली, हो. थंडी खूप होती यंदा. मग एका पट्टीवर बोट ठेवून, हा कार्लच्या लग्नातला शर्ट ना? आणि हा तपकिरी, आपण तळ्यावर गेलो होतो तेव्हाचा. सगळे तुझेच? माझे का नाही कापलेस?

मी म्हटलं, नमुना चालू होता.

मग मीच विचारलं, ताणा का चढवून ठेवला होतास? तिने जरा आठवून पाहिलं. म्हणाली, ऑगस्टमध्ये चढवला होता रे. तेव्हा काही ठरलं नव्हतं. नंतर सोडवायचा कंटाळा आला.

कात्री मागितली. मी दिली. चालवली तेव्हा तिच्या लक्षात आलं, म्हणाली, हिला धार लावलीस? मी हो म्हटलं. मार्चमध्येच लावली होती. ताणा सर्रकन तुटला. पंधरा फूट निळे-पांढरे धागे जमिनीवर पडले. विणलेल्या तुकड्याच्या टोकांना तिने उभ्या उभ्या गाठी मारल्या, उसवू नये म्हणून. मध्येच सायमाला दाखवलं, अशी मार, हां, अशी.

कार्लने माग सुटा केला, बोल्ट तर लोण्यासारखे निघाले म्हणाला. ट्रकमध्ये लाकूड घासू नये म्हणून दांड्यांना गुंडाळायला काहीतरी पाहिजे होतं. लेनाने खोकं उघडलं. फुलांचा फ्रॉक सगळ्यात लांब दांड्याला, हिरव्या शर्टाच्या बाह्यांची गाठ खांबाला. निळा स्वेटर हाती लागला तेव्हा म्हणाली, अगं बाई, हा इथे आहे होय! कधीचा शोधतेय. अंगातच घातला.

सगळा वेळ रेकॉर्ड चालू होती. चौथ्या गाण्यात अडकली. लेना खांद्यावर दांडा घेऊन जात होती. जाता जाता, न बघता, कपाटाला टाच मारली. सुई पुढे गेली. कार्ल म्हणाला, मस्त गाणं आहे हे.

पावाची एक फोड तिने उभ्यानेच खाल्ली. खालून करपलाय, पण वेलदोडा छान लागतोय, म्हणाली. मी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

शेवटच्या खेपेला आत आली तेव्हा बुटांना बर्फाचा चिखल होता. विणलेला तुकडा सायमाने दारात ठेवला होता. लेनाने आधी उजवा पाय पुसला, मग डावा. मग सायमाच्या गालावरून हात फिरवला, आणि गेली.

पहिलं पाऊल: १२.५५.

१४ एप्रिल, रविवार. सकाळ.

लांबी एकतीस इंच, एका टोकाला रुंदी सत्तावीस, दुसऱ्या टोकाला एकोणीस. पायपुसणं म्हणून वाईट नाही.

खोलीत मागाच्या पायांखालच्या चार फिकट जागा दिसतात. त्यांची मापं घेतली नाहीत.

हिल्मा मावशी दारापर्यंत आली, आत आली नाही. पायपुसण्याचा वाकडा काठ बुटाच्या टोकाने सरळ करून पाहिला. मग सायमाला म्हणाली, उन्हाळ्यात ये माझ्याकडे, माझा माग रिकामाच असतो. बापालाही आण. गाठी मारायला होईल.

दुपारी सायमाबरोबर शर्ट घ्यायला जायचं आहे. कॉफी पिताना तिनेच रेकॉर्ड लावली. चौथ्या गाण्यात अडकली. दुसरं कोणी उठेल म्हणून आम्ही दोघंही बसून राहिलो. तोच सूर, बराच वेळ.

मग लक्षात आलं, माग नाही, म्हणजे खुर्ची कपाटाजवळ नेता येते. नेली. टाच पोचली. मारली. जरा जोरात बसली. सुई उरलेली सगळी गाणी ओलांडून थेट मधल्या गोलापाशी गेली आणि रेकॉर्ड संपली.

सायमा म्हणाली, जमलं की.