छपराची चार भोकं

बाबा,

दरवर्षी पितृपक्षात मी तुमच्या नावानं तिळपाणी सोडतो. मंत्र मीच म्हणतो, भटजीला बोलवावं लागत नाही. पोराला संस्कृत शिकवल्याचा तुम्हाला मेल्यावर का होईना, एवढा उपयोग झाला. अठरा वर्षं पाणी देतोय, आणि ज्या पाण्याबद्दल बोलायला हवं होतं त्याबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. अपघाताच्या दिवशी गाडीच्या छपरातून पाणी आलं होतं. तुमच्या डोळ्यांचा काही दोष नव्हता. ही दोन वाक्यं लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. त्यांत अवघड जोडाक्षरही नाही.

गाडी आपल्याकडे कशी आली हे तुम्हाला सांगायला नको, पण मुळापासून सुरुवात केल्याशिवाय मला काही सांगता येत नाही, हा धंद्याचा दोष आहे. माग सोडून तुम्ही सदर भागातल्या वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर म्हणून लागलात तेव्हा मी बाराखडी गिरवत होतो. साहेब वारले, त्यांच्या घरात दुसरं कोणी गाडी चालवणारं नव्हतं, आणि बाईसाहेबांनी किल्ली तुमच्या हातात ठेवली. इंग्रजाच्या काळची काळी गाडी, तिच्या छपरात सरकणारं झाकण. प्रताप नगरात तेव्हा घरं कमी आणि बोरी-बाभळी जास्त, त्यात आपलं टिनाचं शेड आणि शेडात ही महाराणी. तुम्ही आंघोळीआधी तिला आंघोळ घालत होता. आई म्हणायची, "माह्याकडं एवढं पाह्यलं असतं त मी पण चमकली असती." तुम्ही हसायचे आणि आरसा पुसत राहायचे. पण वस्तीत कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की लोक रात्र-दिवस न पाहता तुम्हालाच हाक मारायचे. हातमाग सोडलेल्या माणसाला वस्तीत मान मिळाला तो त्या गाडीमुळं, आणि तुमच्या नजरेमुळं. अंगणाच्या त्या टोकाला बसून आईच्या लुगड्यातला तुटका धागा दाखवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या पावसाळ्यात छप्पर गळायला लागलं. डावीकडच्या कोपऱ्यातून थेंब थेंब, अगदी मी बसायचो त्याच जागी. तुम्ही झाकण मागं सरकवून स्टुलावर चढलात, आणि मीही चढलो, कारण मी नुकताच शाळेत मास्तर झालो होतो आणि जगात मला न कळणारं काही उरलं नव्हतं. झाकणाच्या खाली चारी बाजूंनी पत्र्याची पन्हळ होती. तिच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, करंगळी जाईल एवढी. कडुनिंबाचा पाला आणि धूळ यांचा त्यात लगदा झालेला.

"तार घालून पाह्यतो," तुम्ही म्हणालात. "सायकलचा जुना स्पोक आहे ना गा आपल्याकडं?"

"भोकं मोकळी करून गळती थांबेल का? उलट बुजवायला पाहिजेत."

"इंग्रजानं काहून ठेवले असतीन मंग?"

"भोकं ठेवत नाहीत बाबा, पडतात."

हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं. त्याला एक लय आहे, आणि खोट्या वाक्याला अशी लय लवकर सापडते. तुम्ही स्टुलावरून उतरलात, हात पुसलेत आणि म्हणालात, "पंडित आहे बाप्पा. आपल्याले काय समजते." त्यात टोमणा किती आणि अभिमान किती हे मी तेव्हा मोजलं नाही. आता मोजतो, तेव्हा अभिमानच जास्त भरतो, आणि तेच जड जातं.

दोन दिवसांनी तुम्ही उमरेडला लग्नाला गेलात आणि मी कामाला लागलो. विणकराच्या घरचा, तेव्हा भोक दिसलं की हात शिवशिवणारच. कापडाला भोक म्हणजे खोट, एवढं आपल्या सात पिढ्यांना ठाऊक. जुन्या मागाच्या सुताची एक लडी घरात होती. ती पिळून मी चार बोळे केले, राळ आणि जवसाचं तेल तापवून त्यात बुडवले, आणि एकेका भोकात उलथन्याच्या दांड्यानं ठोकून बसवले. वरून मेण. काम इतकं सुबक झालं की आईला हाक मारून दाखवलं. मग छपरावर एक बादली पाणी ओतलं. आत थेंबही नाही. आपली परंपरागत विद्या आणि माझं शिक्षण यांचा इतका सुंदर संगम पाहून मला स्वतःचं कौतुक वाटलं. ते बादलीभर पाणी गेलं कुठं, हा प्रश्न मला पडला नाही. वर्गात मात्र मी मुलांना सांगत होतो की शंका विचारल्याशिवाय विद्या येत नाही.

तुम्ही परत आलात, झाकण सरकवलंत, बोटानं एकेक बोळा दाबून पाहिलात. बराच वेळ. मग म्हणालात, "सूत चांगलं पिळलं." बस.

त्यानंतर आठवडाभर पाऊस. तेव्हा शेडाचा एक पत्रा उडाला होता आणि गाडी अर्धी पावसात उभी. आणि त्या आठवड्याच्या शेवटी आमच्या शाळेत कार्यक्रम, माझं पहिलं भाषण. मी नेहमी सायकलनं जायचो. त्या दिवशी मीच म्हणालो, "बाबा, सोडून द्या, कोट भिजेल." भाषण संस्कृतात होतं, विषय गुरुजनांचा आदर. याहून जास्त या कार्यक्रमाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

उताराचं वळण येतं. समोर एक म्हैस रस्त्यात उभी राहते. तुम्ही ब्रेक दाबता, हळूच, नेहमीसारखा. आणि आठवडाभर पन्हळीत साचलेलं पाणी पुढं येतं आणि काठावरून तुमच्या डोक्यावर, डोळ्यांत, मांडीवर, परात उलटी करावी तसं पडतं. काळं, पाल्याचं पाणी. माझा डावा खांदा भिजतो. तुमचा एक हात डोळ्यांकडं जातो. तेवढ्यात गाडी एका सायकलवर जाते आणि आवाज होतो. सायकलचा नव्हे, माणसाचा.

सायकलवर मागं सुताचं गाठोडं बांधलेला माणूस होता. आपल्याच जातीचा, पूर्वेकडच्या वस्तीतला विणकर. उजवा पाय गुडघ्याखाली ज्या दिशेला वळला होता त्या दिशेला पाय वळत नसतो. तुम्ही त्याला उचललंत, मी गाठोडं उचललं. आपण दोघंही क्षणात नखशिखांत भिजलो, आणि छपरातलं पाणी कोणतं अन् आभाळातलं कोणतं, याला पुरावा उरला नाही.

हवालदारानं दवाखान्याच्या व्हरांड्यात विचारलं. तुम्ही सरळ सांगितलंत, "साहेब, वरून पानी आलं डोयात."

"पानी त सगळ्याइच्याच डोयात जाऊन राह्यलं आज," तो म्हणाला. मग माझ्याकडं वळला, कोट बघून जरा अदबीनं. "मास्तर, तुम्ही बाजूलेच होते. छपरातून पानी आलं का?"

छपरातून आलं म्हटलं की छप्पर कोणी दुरुस्त केलं हे येणार. नोकरी अजून कायम झाली नव्हती. पण खरं कारण तेही नव्हतं. चार बोळे माझे होते आणि ते सुबक होते. मी म्हणालो, "मला तसं जाणवलं नाही."

मी 'नाही' म्हणालो नाही, हे बघा. इतकी वर्षं मी त्या वाक्यात पळवाट शोधतो आहे. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही पाहिलंत ते माणूस घड्याळ बंद पडलंय का म्हणून कानाशी धरतो तसं, स्वतःचंच काही तपासत. मग म्हणालात, "मंग माहे डोयेच असतीन." आणि लायसन तुम्ही आपणहून काढून दिलंत.

पुढचं मी केलं ते शांत डोक्यानं केलं. तुम्हाला सदरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. तुम्ही बाहेर बाकावर बसलेले असताना डॉक्टर मला म्हणाले, "यांना कशाला आणलंत? शेवटची ओळ घडाघडा वाचली. सुईत दोरा ओवतात." मी बाहेर येऊन म्हणालो, "दूरचं थोडं कमी झालंय म्हणतात." चष्म्याच्या दुकानात चिठ्ठी हरवल्याचं सांगून हलका नंबर टाकायला लावला. चष्मा लावून तुम्ही रस्त्याकडं पाहिलंत. "कसं दिसतं?" मी विचारलं. "तू म्हनतं त चांगलंच दिसत असन," तुम्ही म्हणालात.

महिन्यानं गाडी विकली. न्यायला आलेल्या मेकॅनिकनं झाकण सरकवलं, पेचकसानं एक बोळा उपटला, आणि पुढच्या चाकाजवळ, गाडीच्या पोटातून, पाण्याची धार लागली. तो माझ्याकडं पाहून हसला. "मास्टरजी, ये छेद नहीं, नाली है. अंदर से पाइप जाता है नीचे तक. नाली बंद करोगे तो पानी किधर जाएगा?" तुम्ही तेव्हा घरात होता, गाडी जाताना पाहायची नाही म्हणून. दारापासून तुमच्यापर्यंत बारा पावलं असतील. मी ती चाललो नाही.

त्या विणकराचा पाय वाकडाच जुळला. "माग हातानं नाही चालत गा, पायानं चालते," तुम्ही मला म्हणालात, जणू मला ठाऊक नसावं. त्याचा खड्ड्याचा माग, जमिनीत उतरून बसायचं आणि पावड्या पायानं दाबायच्या; एका पायाचा माणूस तिथं काय करणार. म्हणून तुम्ही जाऊन बसलात. चोवीस वर्षांनी मागावर. रोज सकाळी चालत, सायकल नाही, कारण तुमचे डोळे गेलेले होते. दुपारपर्यंत त्याच्या नावाचं कापड विणायचं आणि परत यायचं. तो बाजूला खाटेवर बसून धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत तुमची मस्करी करायचा, "बुवा, गाडी चालवत होते का रेडा हाकत होते? केवढा ठोका देता." तुम्ही म्हणायचे, "पाय मोडला तुहा, जीभ काहून नाही मोडली?" आणि दोघं हसायचे. मला ते हसणं ऐकवत नसे. दोन पावसाळे तुम्ही त्या ओलसर खड्ड्यात बसलात. पहिल्यात खोकला लागला, दुसऱ्यात तो गेला नाही, आणि पुढच्या थंडीत तुम्ही गेलात. डॉक्टरांनी छातीचं काही नाव सांगितलं. मी ते नाव पाठ केलं आणि माझं नाव त्यात नाही याचं मला बरं वाटलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवीन; तिथं कोणी काही वाचत नाही, मी तर मुळीच नाही. पुढच्या महिन्यात मी, तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाचा होईन. आणखी एकच सांगतो आणि थांबतो.

मी अधूनमधून सकाळची शाळा सुटल्यावर तुम्हाला घ्यायला त्या वस्तीत यायचो. एकदा दाराशीच थांबलो. तुम्ही खड्ड्यात बसला होता. चष्मा काढून बाजूच्या विटेवर ठेवला होता, आणि उघड्या डोळ्यांनी, न वाकता, तुम्ही ताण्यातला तुटका धागा शोधलात, जोडलात आणि पुन्हा धोटा फेकलात. खाटेवरचा तो म्हणाला, "पोरगं आलं त चष्मा लावून घ्या बुवा, नाहीतर रागावन." तुम्ही म्हणालात, "हो ना गा. त्यानं केला आहे तो."

मी दोन पावलं मागं गेलो आणि मोठ्यानं खाकरलो, तुम्हाला वेळ मिळावा म्हणून. त्यानंतर जितक्यांदा आलो, तितक्यांदा आधी खाकरलो.