तहकूब ठराव आणि आमचे अध्यक्ष

७ सप्टेंबर, रविवार

पुन्हा ढकलला! दुसऱ्यांदा! आणि ढकलणारा कोण — तर आमच्याच घरातला माणूस.

ठराव एवढाच, की क्लबच्या बॅडमिंटन हॉलमध्ये रोज संध्याकाळी दोन तास माझ्या शाळेतल्या मुलींना सराव करू द्यावा. भोकरदनमध्ये आम्हाला दुसरा हॉल न्हाई. मुली मैदानावर खेळतात, वाऱ्यानं शटल पार कुंपणाबाहेर जातं. दिवाळीनंतर सुमेधाची विभागाची निवड चाचणी आहे संभाजीनगरला. पोरगी जीव तोडून खेळते, पण छताखाली एकदाही खेळलेली न्हाई. आणि त्या दोन तासांत हॉलमध्ये काय चालतं? तातेराव आणि मंडळींचे पत्ते!

तातेराव म्हणाले, "बेमुदत तहकूब करा." म्हणजे सरळ गाडूनच टाका. मी म्हटलं, "मत घ्या! आत्ताच्या आत्ता!" आणि अध्यक्ष महाराज — म्हणजे आमचे हे, बद्रीनाथराव — चष्मा पुसत म्हणाले, "बेमुदत न्हाई, अन् मतबी न्हाई. पुढच्या सभेपर्यंत तहकूब." ना धड इकडं, ना धड तिकडं!

घरी आल्यावर चहा एकच कप टाकला. माझा.

८ सप्टेंबर

अबोला.

१४ सप्टेंबर

नियमावली काढून बसले. क्लबची सचिव आहे मी. इतिवृत्त लिहायला कुणी तयार नव्हतं म्हणून केलेली, पण आहे! नियम स्पष्ट आहे. पुढच्या सभेपर्यंत ढकललेला ठराव त्या सभेत आपोआप येतो, नव्या विषयांच्या आधी. पुन्हा मांडायची गरज न्हाई. पडलेला ठराव मात्र वर्षभर आणता येत न्हाई. पण पडतोय कशाला! भेटेल तो मेंबर म्हणतो, "मॅडम, बिलकुल बराबर आहे तुमचं." मत घेतलं की झालं. घ्यायला अध्यक्षाच्या अंगात दम पाहिजे ना!

२८ सप्टेंबर

सभेची सूचना लावली. विषय क्रमांक एक: तहकूब ठराव. फलकावर कागद बसेना म्हणून खालची ती दरवेळची ओळ कापायला घेतली — गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच जागी घेण्यात येईल, त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. पहिल्यापासून लिहीत आलोत, वाचतं कोण! तर हे मागून म्हणाले, "ती ओळ राहू दे."

इतक्या दिवसांनी तोंड उघडलं ते यासाठी! "जशी अध्यक्षांची आज्ञा," म्हटलं आणि कागद वरून दुमडून कसाबसा बसवला.

३ ऑक्टोबर

सुमेधानं विचारलं, "मॅडम, हॉल भेटंल का?" मी म्हटलं, भेटणार. तर म्हणते कशी, "न्हाई भेटला तरी चालतंय, मॅडम. तुम्ही सरांशी भांडू नका." सगळ्या गावाला माहीत झालंय वाटतं! जीव जळाला माझा.

५ ऑक्टोबर, रविवार



सभा सुरू झाली तशी मी उभी राहिले. "विषय क्रमांक एक!" तातेरावांनी यांच्याकडं बघितलं, उठले, म्हणाले, "आम्हाला कामं आहेत." त्यांच्या मागं सगळी मंडळी भराभरा बाहेर. तोंडावर "बराबर आहे मॅडम" म्हणणारेसुद्धा! खजिनदार देवानंद सर धरून आम्ही पाच जण उरलो. गणपूर्तीला सात लागतात.

हे म्हणाले, "गणपूर्ती न्हाई. सभा तहकूब."

माझं डोकंच फिरलं. चौघांत ओरडले, "तुम्ही अध्यक्ष न्हाई, खुर्ची पुसायचं फडकं आहात!" यांनी मान खाली घातली. मी पर्स उचलली, तरातरा दारापर्यंत गेले, आणि दाराशी फलक. माझीच सूचना. आणि खाली ती ओळ!

परत फिरले. "कुणी हलायचं न्हाई! अर्ध्या तासानं इथंच सभा आहे!"

खिडकीतून समोरची टपरी दिसत होती. तातेराव आणि मंडळी मजेत चहा पिऊन राह्यली होती. आता कुणी येतंय, मंग येतंय! कुणी आलं न्हाई. यांनी घड्याळ बघितलं, म्हणाले, "तहकूब सभा सुरू. विषय एक." चार हात वर. ठराव मंजूर!

हॉलची चावी मीच टेबलावरून उचलली. चांगला इंगा दाखवला अध्यक्षांना! इतिवृत्त लगेच शाईनं लिहून काढलं, शब्दन् शब्द, फडक्यासकट. देवानंद सर म्हणाले, "मॅडम, तेवढं गाळा." मी म्हटलं, का? पुढच्या सभेत वाचलं जाऊ दे सगळ्यांसमोर!

७ ऑक्टोबर

पोरी हॉलमध्ये! सुमेधा आधी नुसती वर छताकडं बघत उभी राहिली. मंग एक सर्व्हिस केली आणि ओरडली, "मॅडम, सरळ जातंय!"

९ ऑक्टोबर

आज बाजारात तातेराव भेटले. लाल झालेले. "वहिनी, तुमच्या मालकानं लई फसवलं आम्हाला! आमची आठ मतं पक्की होती, तिन्ही वेळेला ठराव पाडलाच असता. तर तेच मला म्हणले, 'मतदान झालं तर घरात राहणं मुश्किल होईल माझं. तुम्ही उठून जा, सभाच मोडंल.'"

घरी येऊन विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, भावना." मंग चष्मा पुसत म्हणाले, "ते फडक्याचं खरंच लिहिलंस का?"

मला रडूच फुटलं. लिहिलंय. आणि पुढच्या सभेत मलाच वाचून दाखवायचंय.